टेबल टेनिस चेंडूफेक यंत्र (घरगुती बांधणी)

टेबल टेनिस चेंडूफेक यंत्र हे सरावासाठी ठरावीक अंतराने, ठरावीक वेगाने व फिरकीसह एकामागून एक चेंडू टाकणारे विजेवर चालणारे यंत्र होय. खेळाडू त्यास ‘रोबोट’ असेही म्हणतात. तयार यंत्रे महाग असल्यामुळे अनेक हौशी खेळाडू ते घरीच बांधतात. पाथरीसारख्या (परभणी जिल्हा) तालुक्याच्या गावी टेबल मिळाले तरी बरोबरीचा जोडीदार रोज मिळेलच असे नाही. अशा खेळाडूस एकच फटका शंभर वेळा घोटता येणे, हा या यंत्राचा खरा उपयोग आहे.

पार्श्वभूमी

लॉन टेनिसमध्ये फ्रेंच खेळाडू रने लाकोस्त याने १९२०च्या दशकात हाताने फिरवायचे चेंडूफेक यंत्र तयार केले होते. टेबल टेनिसची गरज मात्र वेगळी आहे. १९५२ साली मुंबईत भरलेल्या जागतिक अजिंक्यपद स्पर्धेत जपानच्या हिरोजी सातो याने जाड स्पंजाची बॅट वापरून पुरुष एकेरीचे विजेतेपद मिळविले. पुढे स्पंज व रबर यांच्या बॅटी रूढ झाल्या आणि फिरकी हे खेळातील प्रमुख अस्त्र ठरले. त्यामुळे चेंडू नुसता फेकणारे यंत्र सरावास अपुरे पडते.

रचना

चेंडूचा व्यास ४० मिलिमीटर व वजन २.७ ग्रॅम असते. शेतीसाठी विकले जाणारे पीव्हीसी पाइप बाहेरील व्यासावरून ओळखले जातात. म्हणून ‘४० मिलिमीटर’चा पाइप आणल्यास त्यात चेंडू शिरतच नाही; ५० मिलिमीटरचा पाइप घ्यावा लागतो. पहिल्यांदा यंत्र बांधणाऱ्याची फसगत बहुधा येथेच होते.

पाइपाच्या तोंडाशी छोट्या मोटरवर रबरी किंवा फोमचे आवरण असलेले चाक बसवितात. चाक व समोरची भिंत यांमधील फट चेंडूच्या व्यासापेक्षा थोडी कमी ठेवतात, म्हणजे चेंडू चिमटला जाऊन बाहेर फेकला जातो. चाकाचा व्यास ५० मिलिमीटर आणि वेग मिनिटाला ३००० फेरे असल्यास त्याच्या कडेचा वेग सेकंदाला सुमारे ७.८५ मीटर होतो. परंतु एकाच चाकाच्या यंत्रात चेंडू स्थिर भिंतीवरून घरंगळत जातो. त्यामुळे घसरण न धरता त्याला निम्माच, म्हणजे सुमारे ३.९ मीटर वेग मिळतो. उरलेल्या वेगाची फिरकी होते व ती सेकंदाला सुमारे ३१ फेरे इतकी भरते. चाक वर असेल तर टॉपस्पिन, तोंड उलटे फिरवून चाक खाली आणल्यास बॅकस्पिन आणि आडवे केल्यास साइडस्पिन मिळते.

एकचाकी यंत्रात वेग व फिरकी एकमेकांना बांधलेली असतात, ही त्याची मोठी उणीव होय. वर व खाली अशी दोन चाके बसवून प्रत्येकाचा वेग स्वतंत्रपणे बदलल्यास ती दूर होते. दोन्ही चाके सारख्या वेगाने फिरल्यास चेंडू जवळपास फिरकीविना जातो. वेगांत जितका फरक, तितकी फिरकी अधिक. घरगुती यंत्रात करावयाच्या सुधारणांपैकी सर्वाधिक लाभाची सुधारणा हीच आहे.

चेंडू पुरविणे

चेंडू फेकणे सोपे आहे. एका वेळी एकच चेंडू सोडणे अवघड. बादलीच्या तळाशी खाचा असलेली तबकडी मंद गिअर मोटरने फिरविणे हा रूढ उपाय आहे. दोन खाचांची तबकडी मिनिटाला ३० फेरे फिरल्यास दर सेकंदाला एक चेंडू सुटतो. चेंडू एकमेकांवर रेलून कमान धरतात आणि पुरवठा थांबतो. ती मोडण्यासाठी तबकडीवर लवचीक तारेचा तुकडा उभा बसवितात. नव्या चेंडूंवरील भुकटीमुळे चाक घसरते, म्हणून ते आधी पाण्याने धुऊन वाळवावेत. चिरलेला चेंडू वेळीच काढून टाकला नाही, तर तोच यंत्रात अडकतो.

विद्युतपुरवठा व इतर सुधारणा

१२ व्होल्टच्या मोटरी वापरल्यास वीज गेली तरी मोटरसायकलच्या बॅटरीवर सराव चालू राहतो. वेग बदलण्यासाठी पल्स-विड्थ पद्धतीचा नियंत्रक लावतात. केवळ रोधक लावून वेग कमी केल्यास चेंडू चिमटताच मोटर मंदावते आणि प्रत्येक चेंडू वेगळ्या जागी पडतो. तोंड डावी-उजवीकडे हलविण्यासाठी सर्व्हो मोटर व आर्डुइनोसारखा छोटा नियंत्रक पुरतो. चेंडू गोळा करण्यास टेबलामागे जुनी मच्छरदाणी टांगली तरी काम भागते. फिरत्या चाकात बोट, केस वा ओढणी अडकण्याचा धोका असल्याने चाकांवर झाकण आवश्यक आहे.

मर्यादा

खेळाडू प्रतिस्पर्ध्याच्या हाताची व बॅटची हालचाल पाहून फिरकी ओळखतो. यंत्र असा कोणताही संकेत देत नाही. त्यामुळे केवळ यंत्रावर सराव केलेल्या खेळाडूचा फटका घोटीव असला, तरी समोर माणूस उभा राहिल्यावर सर्व्हिस परतविताना तो गोंधळतो. चेंडूंमधील अंतर व दिशा अनियमित ठेवण्याची सोय केल्यास ही उणीव काही अंशी कमी होते.