सत्पात्रीं दान

दान सत्पात्रीं असावें, हें आपल्याकडील जुनें वचन होय. वर्धा जिल्ह्याच्या अर्वाचीन इतिहासास त्याची कसोटी लावून पाहण्यासारखी आहे. जमनालाल बजाज यांच्या औदार्यानें गांधीजींचें वास्तव्य १९३६ पासून सेवाग्रामीं झालें. त्याच वर्षीं मनोहर दिवाण यांनीं दत्तपूर येथें कुष्ठरोग्यांची सेवा आरंभिली. १९४५ मध्यें कस्तुरबा रुग्णालय निघालें आणि १९६९ मध्यें डॉ. सुशीला नायर यांनीं त्यास वैद्यकीय महाविद्यालयाची जोड दिली. पुढें याच रुग्णालयानें ज्वारीच्या रूपानें वर्गणी घेऊन खेडुतांसाठीं आरोग्यविमा चालविला. खळ्यांतील धान्य देणारा तो खेडूत याचक नव्हता, भागीदार होता.

अशा या कापसाच्या मुलखावर एकविसाव्या शतकाच्या आरंभीं शेतकऱ्यांच्या आत्महत्यांचें सावट पडलें. जुलै २००६ मध्यें केंद्र सरकारनें वर्धा धरून विदर्भाच्या सहा जिल्ह्यांसाठीं ३,७५० कोटी रुपयांची योजना जाहीर केली. राज्य सरकार मृताच्या कुटुंबास एक लाख रुपये देत होतेंच. परंतु त्यासाठीं प्रत्येक मृत्यु ‘पात्र’ कीं ‘अपात्र’ हें ठरवावें लागे. सात-बारा आणि कर्जाचे कागद पाहून हा निवाडा होई. ज्याच्या घरीं सात-बाराच नाहीं, त्या तोंडी बोलीवर जमीन कसणाऱ्यानें कोणता कागद दाखवावा? ‘सत्पात्र’ या शब्दाची याहून करुण परिणति कोणती असेल!

याच सुमारास दुसऱ्या प्रकारचा शोध चालू होता. इंदिरा गांधी विकास संशोधन संस्थेचे सृजित मिश्र यांनीं वर्धा, वाशीम व यवतमाळ या जिल्ह्यांतील अशा १११ मृत्यूंची कुटुंबांकडे चौकशी करून २००६ मध्यें आपले निष्कर्ष मांडले. शेंकडा ८७ ठिकाणीं कर्ज आढळलें, शेंकडा ७४ ठिकाणीं आर्थिक स्थितीची घसरण; त्यांखेरीज घरांतील कलह, पिकाची नासाडी, व्यसन. या आंकड्यांची बेरीज शंभराच्या कितीतरी पुढें जाते, आणि त्यांतील बोध हाच कीं एका मृत्यूस एकच कारण नसतें. सेवाग्रामचे डॉ. प्रकाश बेहेरे यांनींही २००९ मध्यें या प्रश्नाचा मानसोपचाराच्या अंगानें विचार मांडला.

ज्ञानापाठोपाठ शिक्षण आलें. टाटांच्या धर्मादाय निधींतून शेजारच्या अमरावती जिल्ह्यांतील तीस गांवांत ‘विश्राम’ हा उपक्रम झाला. गांवच्याच माणसांना शिकवून खिन्नतेनें ग्रासलेल्यांना धीर देण्याचें व वैद्यापर्यंत पोंचविण्याचें काम त्यांजवर सोंपविलें. अशा रुग्णांपैकीं मदत घेणारे पूर्वीं शेंकडा ४.३ होते, ते अठरा महिन्यांत २७.२ झाले, असें २०१७ मध्यें प्रसिद्ध झालेला अभ्यास सांगतो.

धीराच्या शब्दांनीं कर्ज फिटत नाहीं, हा आक्षेप रास्त आहे. कापसाच्या भावाचा प्रश्न समुपदेशनावर ढकलणें ही फसवणूकच होईल. परंतु कर्ज फिटेपर्यंत माणूस जगला पाहिजे, हेंही तितकेंच खरें. कायद्यानेंही हें उशिरां ओळखलें. दंडसंहितेचें ३०९ वें कलम आत्महत्येच्या प्रयत्नास गुन्हा मानी, म्हणून घरचे लोक तोंड मिटून बसत. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्यानें अशा मनुष्यास तीव्र ताणाखालीं असलेला मानलें, आणि १ जुलै २०२४ पासून तें कलमच गेलें. २०२२ पासून १४४१६ या क्रमांकावर सरकारची टेलि-मानस सेवा विनामूल्य मिळते.

तरीही दात्यांचा ओढा इमारतीकडे अधिक. इमारतीवर नांवाची शिळा बसते. टळलेल्या मृत्यूची नोंद कोठेंच होत नाहीं. बैल गेल्यावर झोपा करणारें दान दिसतें, आधीं केलेलें दिसत नाहीं. दत्तपुरास जो रोगी आला तो कागद घेऊन आला नव्हता, आणि त्याची पात्रता त्याच्या मरणानंतर ठरली नाहीं. जो अद्याप जिवंत आहे आणि ज्यानें अजून हांक मारलेली नाहीं, तोच येथें सत्पात्र होय.