घाटकोपरचा शिळाछाप आणि राजा रविवर्मा

मोठ्या चित्रकाराचा वारसा शोधावयाचा म्हणजे आपली पावले सहसा राजवाड्यांकडे आणि संग्रहालयांकडे वळतात. राजा रविवर्मा यांच्यासंबंधी बोलताना मात्र आपणा उपनगरवासीयांना फार लांब जावयास नको. त्यांच्या चित्रांना ज्या छापखान्याने भारतभर पोहोचविले, तो छापखाना एके काळी आपल्या घाटकोपरात होता.

रविवर्म्यांचा जन्म २९ एप्रिल १८४८ रोजी त्रावणकोर संस्थानातील किळिमानूर येथे झाला. तैलरंगांची पाश्चात्त्य पद्धती त्यांनी कोणत्याही कलाशाळेत न जाता, पाहून आणि करून आत्मसात केली. १८७३ साली मद्रासच्या प्रदर्शनात त्यांना सुवर्णपदक मिळाले आणि कीर्ती पसरली. पुढे बडोद्याच्या सयाजीराव महाराजांनी १८८८ मध्ये त्यांच्याकडे चौदा पौराणिक चित्रांचे काम सोपविले. छायाप्रकाशाने उठाव दिलेले, हाडामांसाचे देव आणि नायिका पाहून लोक थक्क झाले. त्यांच्या अनेक नायिका आपल्या मराठी पद्धतीचे नऊवारी लुगडे नेसलेल्या आहेत, हे आपण विसरता कामा नये. अण्णासाहेब किर्लोस्करांचे ‘शाकुंतल’ १८८० पासून रंगभूमीवर गाजत होते. पुराणातली माणसे डोळ्यांपुढे चालती-बोलती पाहण्याची ओढ ह्या प्रांतात आधीच उत्पन्न झालेली होती.

परंतु एक तैलचित्र एकाच भिंतीवर लागते. राजाच्या दिवाणखान्यात प्रवेश नसलेल्या माणसाने काय करावे? ह्या अडचणीवर तोड सुचविणाऱ्यांत सर टी. माधवराव हे प्रमुख होते. तंजावरच्या मराठी घराण्यातले हे गृहस्थ त्रावणकोर, इंदूर व बडोदे अशा तीन संस्थानांचे दिवाण झाले. चित्रे युरोपात पाठवून त्यांच्या रंगीत प्रती छापून घ्याव्यात, असे त्यांनी रविवर्म्यांना सुचविले. रविवर्म्यांनी याच्याही पुढचे पाऊल टाकले. बंधू राजा राजवर्मा यांच्या साह्याने व गोवर्धनदास मखनजी यांच्या भागीदारीत त्यांनी १८९४ मध्ये मुंबईत स्वतःचा छापखाना काढला. त्यासाठी यंत्रे आणि कारागीर जर्मनीहून आणविले. साष्टी बेटावरचे घाटकोपर तेव्हा ठाणे जिल्ह्यात मोडत होते.

ह्या कामाची रीत मोठी कष्टाची होती. गुळगुळीत चुनखडी दगडावर तेलकट शाईने उलटे चित्र काढावयाचे. दगड ओला केला म्हणजे कोऱ्या जागी पाणी राहते आणि छापण्याची शाई केवळ तेलकट रेषांना धरते. प्रत्येक रंगास निराळा दगड. एकच कागद एकामागून एक अशा सर्व दगडांवरून काढावयाचा. त्यात तो केसभर सरकला, तरी देवीच्या ओठांचा रंग गालावर जावयाचा! मेनका, विश्वामित्र आणि अर्भक शकुंतला यांचे चित्र प्रथम छापले गेले. पुढे लक्ष्मी आणि सरस्वती यांच्या तसबिरी घरोघरी गेल्या.

व्यवहारात मात्र हा उद्योग मालकांना लाभला नाही. १८९६ मध्ये मुंबईत प्लेग आला, माणसे शहर सोडून पळू लागली. १८९९ मध्ये छापखाना लोणावळ्याजवळ मळवलीस हलवावा लागला. कर्जाचा भार वाढत गेला आणि विसाव्या शतकाच्या आरंभीच तो फ्रिट्झ श्लायशर ह्या जर्मन तंत्रज्ञास विकून टाकण्यात आला. १९०५ मध्ये राजवर्मा गेले. २ ऑक्टोबर १९०६ रोजी रविवर्म्यांनीही देह ठेवला.

त्यांच्यामागे टीकेचे वादळ उठले. आनंद कुमारस्वामी आणि अवनींद्रनाथ ठाकुरांचा बंगाली संप्रदाय यांना ही कला परक्या पद्धतीची आणि नाटकी वाटली. ह्या आक्षेपात तथ्य नाही असे मी म्हणणार नाही. काही चित्रांतील हावभाव रंगमंचावरचे वाटतात. शिवाय छापील तसबिरींमुळे सरस्वती म्हटली की एकच चेहरा आपल्या डोळ्यांपुढे उभा राहू लागला. गावोगावच्या चितारी परंपरांना ह्या लाटेपुढे टिकणे कठीण गेले. हे नुकसान खरेच होय.

तरीही दुसऱ्या बाजूचे वजन करावयास हवे. नाशिकच्या काळाराम मंदिरात प्रवेश मिळावा म्हणून १९३० मध्ये अस्पृश्य मानलेल्या समाजाला सत्याग्रह करावा लागला. अशा देशात काही आण्यांच्या तसबिरीने देव कोणत्याही झोपडीत येऊ शकत होता. मध्ये पुजारी नव्हता. कागदाने विषमता मिटली नाही, ती मिटविण्यास माणसांनाच झगडावे लागले. पण पाहण्याचा हक्क मात्र त्याने सर्वांना दिला. माझ्या मते रविवर्म्यांची आधुनिकता तैलरंगापेक्षा येथे अधिक आहे. चित्राचा धनी राजा एकटा नसून रस्त्यावरचा माणूसही आहे, हे त्यांनी पदरमोड करून मान्य केले. त्यांच्या छापखान्यासाठी फोटो-लिथोची कामे करणाऱ्या त्र्यंबकेश्वरच्या दादासाहेब फाळके यांनी १९१३ मध्ये ‘राजा हरिश्चंद्र’ पडद्यावर आणला, तेव्हा पुराणातली माणसे सामान्यांपुढे आणण्याचे तेच काम एक पायरी वर चढले.

१९७२ मध्ये मळवलीचा कारखाना आगीत सापडला आणि पुष्कळ ठेवा नाहीसा झाला. १९७९ मध्ये भारत सरकारने रविवर्म्यांची चित्रे राष्ट्रीय कलानिधी म्हणून घोषित केली. मूळ चित्रांना कायद्याचे संरक्षण मिळाले. तसबिरींना ते कोण देणार? आपल्या घरातील जुनी तसबीर रद्दीत टाकण्यापूर्वी तिच्या खालच्या कडेवर छापखान्याचे नाव आहे का, एवढे पाहावे. ती कोणाच्या घरी, कोणत्या भिंतीवर होती, हे मागे लिहून ठेवावे. घाटकोपरच्या त्या छापखान्याचा इतिहास लिहावयाचा, तर त्याची साधने आपल्याच देवघरांत आहेत.