निकितिनची खिचडी

अफनासी निकितिन या रशियन व्यापाऱ्याला आपल्याकडे बहुतेकदा एका वाक्यात उरकतात : वास्को द गामाच्या पाव शतक आधी हिंदुस्थानात येऊन गेलेला युरोपीय. वाक्य खोटे नाही. पण ते ऐकले की पुस्तक उघडायची गरज कुणाला वाटत नाही. गेल्या पावसाळ्यात भिलाईच्या बोरसी भागातल्या आम्ही सातआठ जणांनी त्याचे ‘तीन समुद्रांपलीकडचा प्रवास’ वाचायला घेतले. बैठकीत मराठी, छत्तीसगढी, बंगाली, हिंदी अशी सरमिसळ असते. इंग्रजी भाषांतर मी वाचायचे आणि अडेल तिथे ज्याला जी भाषा जवळची तिच्यात सांगायचे, असे ठरले होते.

दूरदेशीचे पुस्तक म्हणून ते निवडले होते. पहिल्याच बैठकीत लक्षात आले की यातला दूरचा देश म्हणजे आपलाच मुलूख. व्होल्गाकाठच्या त्वेर शहरातला हा माणूस वाटेत आस्त्राखानजवळ लुटला गेला, इराण ओलांडून होर्मुझला आला आणि १४७० च्या आसपास एक घोडा घेऊन चौलला उतरला. तिथून पालीमार्गे घाट चढून जुन्नर. आज तासांत होणाऱ्या या वाटेला त्याला तीन आठवड्यांहून जास्त लागले. चौलला लोक गोरा माणूस बघायला त्याच्या मागे मागे फिरत होते. जुन्नरला चार महिने रात्रंदिवस पाणी आणि चिखल, असे तो लिहितो, आणि त्या दिवसांना हिवाळा म्हणतो! त्याच्या मनातल्या ऋतूंमध्ये पावसाळ्याला जागाच नव्हती. घोड्यांना इथे काय खायला घालतात हे सांगताना तो वाटाण्यांबरोबर साखर-तूप घालून शिजवलेल्या खिचडीचे नाव घेतो. पंधराव्या शतकातल्या रशियन मजकुरात खिचडी भेटल्यावर आमची बैठक त्या दिवशी पुढे सरकली नाही.

गमतीचा भाग इथे संपतो. जुन्नर तेव्हा बहमनी राज्यात होते आणि तिथला अधिकारी असदखान हा वजीर महमूद गावानच्या हाताखालचा. निकितिन मुसलमान नाही, रशियन आहे, हे कळल्यावर असदखानाने त्याचा घोडा जप्त केला. धर्म बदल, घोडा परत आणि वर हजार मोहरा. नाहीतर घोडा गेलाच आणि हजार मोहरा तूच भर. मुदत चार दिवस. घोडा त्याने शंभर रूबलला घेतला होता, बहुतेक सगळे भांडवल त्यातच. एका खुरासानी खोजाने रदबदली केली म्हणून तो सुटला. पण लुटीत त्याची धर्माची पुस्तके गेली होती. ईस्टर कधी, उपास कधी, हिशेब लागेना. खोजा युसुफ खुरासानी असे नाव घेऊन तो वावरत होता. पुढे बीदरला त्याने हिंदूंना आपण कोण ते सांगितले, तेव्हा कुठे त्यांनी आपले खाणेपिणे, पूजाअर्चा त्याच्यापासून लपवणे सोडले. रशियातल्या ख्रिस्ती बांधवांना त्याचा कडवट सल्ला असा की हिंदुस्थानात यायचे तर श्रद्धा घरी ठेवून या.

भाषांतरकार म्हणून माझी खरी अडचण मात्र भाषेची होती. निकितिन मधेच रशियन सोडतो आणि तुर्की, फारसी, अरबी यांच्या मिश्रणात लिहू लागतो. बायका-बाजाराच्या गोष्टी त्यात, प्रार्थना त्यात, पुस्तकाचा शेवटही त्यातच. इंग्रजी भाषांतरात हे सगळे एकसारखे सपाट होते, सांधा कुठे होता ते कळतही नाही. मराठीत तसे करायची गरज नाही. खुदा, दुनिया हे त्याचे शब्द आपल्याला टीप न देता समजतात.

याच मिश्रणात त्याची एक कबुली आहे : रशियासारखी भूमी जगात नाही, पण तिथले सरदार न्यायाने वागत नाहीत. आपल्या देशावरचे प्रेम आणि तक्रार दोन्ही परक्या भाषेत का? आमच्यातल्या एका बंगाली ताईंचे म्हणणे, तोवर त्याची मनातली भाषाच तशी झाली असेल. पोलाद कारखान्यातून निवृत्त झालेले एक काका म्हणाले, “छे! घरी कुणी वाचलं तर कळू नये म्हणून.”

काकांचे ऐकायला कारण होते. भिलाईच्या कारखान्याचा करार सोव्हिएत संघाशी १९५५ मध्ये झाला आणि पहिली झोतभट्टी ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती राजेंद्रप्रसादांच्या हस्ते सुरू झाली. मधल्या १९५७ मध्ये निकितिनवरचा ‘परदेसी’ हा भारत-सोव्हिएत चित्रपट आला, हेही त्याच काळातले. कारखान्यात दुभाषे होते, पण भट्टीजवळ दुभाष्याची वाट बघायला वेळ नसतो. ‘दवाय’, ‘खराशो’, ‘पानी बंद करो’ असे सगळे एका दमात चालायचे. काकांबरोबरचा एक रशियन तज्ज्ञ वैतागला की मॉस्कोतल्या साहेबांना शिव्या हिंदीत घालायचा. “रशियनमध्ये कशी घालणार? शेजारी दुसरा रशियन उभा असायचा ना.”

ताईंना हे पूर्ण पटले नाही. शिव्या आणि प्रार्थना यांना एकच कारण कसे लागू होईल, असे त्यांनी विचारले. मलाही वाटते, कबुलीपुरते काका बरोबर असावेत, प्रार्थनेपुरत्या ताई.

याच्या उलट दिशेचे पुस्तक म्हणून आम्ही नंतर अण्णाभाऊ साठ्यांचे ‘माझा रशियाचा प्रवास’ घेतले. अण्णाभाऊंनी स्टालिनग्राडचा पोवाडा रचला १९४३ मध्ये आणि रशिया पाहिला १९६१ मध्ये. अठरा वर्षे आधी गाऊन झालेला देश. निकितिनचे नेमके उलटे : त्याला कुठे चाललो आहोत याची कल्पना नव्हती, आणि परतताना स्मोलेन्स्कच्या अलीकडेच तो वारला. वह्या १४७५ मध्ये व्यापाऱ्यांबरोबर मॉस्कोत पोहोचल्या, राजाच्या चिटणिसाकडे. तिथे त्या मिश्र ओळी कुणाला वाचता आल्या असतील, यावर काका आणि ताईंचा वाद अजून चालू आहे. मी माझ्या खर्ड्यात त्या ओळी तिरप्या ठशात, त्याच्याच शब्दांत ठेवल्या आहेत. हिवाळा मात्र बदललेला नाही.