रहस्यकथा सोडून गेलेली लेखिका

एखाद्या लेखकाने वाचकांच्या मनात एकदा घर केले, म्हणजे त्या घराबाहेर त्याने पाऊल टाकू नये, अशी वाचकांची नकळत अपेक्षा होऊन बसते. रहस्यकथा लिहिणाऱ्याच्या वाट्याला तर ही अपेक्षा विशेषच येते. कवीने नाटक लिहिले, नाटककाराने निबंध लिहिला, तर त्याचे कोणाला फारसे नवल वाटत नाही. परंतु रहस्यकथेचा वाचक पुस्तक उघडतो तो मनाशी एक अलिखित करार धरून. आरंभी खून व्हावा, मध्ये संशय चौघांवर फिरावा आणि शेवटी साऱ्या गुंत्याची उकल होऊन मन शांत व्हावे, एवढे त्याचे मागणे असते. लेखकाने हा करार मोडला की आपली फसवणूक झाली असे त्याला वाटू लागते. इंग्लंडच्या वाङ्मयेतिहासात हा करार मोडल्याचे तीन प्रसंग प्रसिद्ध आहेत. पहिल्यात वाचकांची सरशी झाली; दुसऱ्यात लेखिकेने वाचकांची दृष्टीच चुकविली; तिसऱ्यात मात्र लेखिका उघड्या मैदानात उभी राहिली. हा तिसरा प्रसंगच अधिक मननीय आहे.

पहिला प्रसंग आर्थर कॉनन डॉईल यांचा. ऐतिहासिक कादंबरी हेच आपले खरे कार्यक्षेत्र, असे डॉईल यांना मनापासून वाटे. चौदाव्या शतकातील इंग्रज धनुर्धरांवरील ‘द व्हाइट कंपनी’ ही त्यांची कादंबरी 1891 मध्ये प्रसिद्ध झाली. पण लोकांना हवा होता तो शेरलॉक होम्स. अखेर कंटाळून डॉईल यांनी डिसेंबर 1893 च्या ‘स्ट्रँड’ मासिकात होम्सला स्वित्झर्लंडमधील रायखेनबाखच्या धबधब्यात लोटून दिले. वाचकांच्या रागाला पारावार उरला नाही. एका बाईने तर आपल्या पत्राचा आरंभच शिवीने केला होता, अशी आठवण डॉईल यांनी आत्मचरित्रात नमूद करून ठेविली आहे. दहा वर्षांनंतर, 1903 मध्ये, मेलेला होम्स जिवंत होऊन परत आला. करार पुन्हा अमलात आला.

दुसरा प्रसंग अ‍ॅगाथा ख्रिस्ती यांचा. या चतुर बाईने वाचकांशी झगडा केलाच नाही. खुनाचा मागमूस नसलेल्या, केवळ मानवी नात्यांची उकल करणाऱ्या सहा कादंबऱ्या त्यांनी ‘मेरी वेस्टमॅकॉट’ या टोपणनावाने लिहिल्या. पहिली 1930 मध्ये निघाली, शेवटची 1956 मध्ये. या नावामागे कोण आहे हे 1949 पर्यंत बहुतेकांना ठाऊक नव्हते. रहस्य रचण्यात ज्यांचा हात धरणारा कोणी नव्हता, त्यांनी आपल्या लेखणीचेच रहस्य जवळजवळ वीस वर्षे राखले.

तिसऱ्या लेखिकेने मात्र ना आपला नायक मारला, ना आपले नाव लपविले. ही लेखिका म्हणजे डोरथी सेयर्स.

सेयर्स यांचा जन्म 1893 मध्ये ऑक्सफर्ड येथे झाला. वडील धर्मोपदेशक होते. ऑक्सफर्डच्या समरव्हिल महाविद्यालयात त्यांनी फ्रेंच भाषेचा व मध्ययुगीन वाङ्मयाचा अभ्यास केला आणि 1915 मध्ये प्रथम श्रेणी मिळविली. पण स्त्रियांना पदवी देण्याचा ठराव विद्यापीठाने 1920 मध्ये केला, तेव्हा कोठे त्यांच्या हाती पदवी पडली. पोटासाठी त्यांनी लंडनमधील एका जाहिरात संस्थेत नोकरी धरली आणि 1923 मध्ये पहिली रहस्यकादंबरी प्रसिद्ध केली. तिचा नायक लॉर्ड पीटर विम्सी. हा उमराव एका डोळ्यावर चष्मा लावी, जुनी दुर्मिळ पुस्तके गोळा करी आणि हसत खेळत गुन्ह्यांचा छडा लावी. पुढील चौदा वर्षांत त्याने इंग्रज वाचकांना अक्षरशः वेड लावले. 1930 मध्ये स्थापन झालेल्या ‘डिटेक्शन क्लब’ या रहस्यकथालेखकांच्या मंडळाच्या संस्थापकांत सेयर्स होत्या. या मंडळाच्या सभासदाला एक गमतीची शपथ घ्यावी लागे. आपल्या कथेतील हेर केवळ बुद्धीच्या बळावर गुन्हा उकलील, दैवी साक्षात्काराचा किंवा ईश्वरी कृपेचा आधार घेणार नाही, असा तिचा आशय होता. ही शपथ लक्षात ठेवण्यासारखी आहे. कारण ती देवविणाऱ्या मंडळातील एक अध्वर्यू पुढे ईश्वरी अवतारावरच लिहावयास बसली.

1937 मध्ये विम्सीची शेवटची कादंबरी निघाली. त्याच वर्षी कँटरबरीच्या धर्ममंदिरातील उत्सवासाठी सेयर्स यांनी एक धार्मिक नाटक लिहिले. पाठोपाठ 1938 च्या नाताळात बी.बी.सी.वरून त्यांची येशूजन्मावरील श्रुतिका ध्वनिक्षेपित झाली. वाचक विम्सीची वाट पाहतच होते. युद्ध सुरू झाल्यावर, 1939 च्या अखेरीस, ‘स्पेक्टेटर’ साप्ताहिकात त्यांनी विम्सी कुटुंबातील माणसांची काल्पनिक पत्रे छापली. त्यामुळे वाचकांची आशा क्षणभर पालवली. पण कादंबरी आली नाही. सेयर्स यांचे मन दुसरीकडे गुंतले होते.

फेब्रुवारी 1940 मध्ये बी.बी.सी.च्या धार्मिक विभागाचे प्रमुख जेम्स वेल्च यांनी त्यांना पत्र लिहिले. रविवारच्या बालकार्यक्रमासाठी येशूच्या जीवनावर नाट्यमाला लिहाल काय, अशी पृच्छा त्यात होती. सेयर्स यांनी होकार दिला तो अटींसह. येशू हे पात्र प्रत्यक्ष बोलले पाहिजे; भाषा जुन्या बायबलची नव्हे, आजच्या माणसांची असली पाहिजे; आणि संहितेत कोणी ढवळाढवळ करता कामा नये. मुलांना हे कळणार नाही, तेव्हा थोडे सोपे करावे, असे बालविभागाकडून सुचविण्यात आले. त्यावर या मानी बाईने कराराचा कागद फाडून परत धाडला. शेवटी वेल्च यांनी मध्यस्थी केली आणि दिग्दर्शनाचे काम नाट्यविभागाचे व्हॅल गीलगुड यांच्याकडे सोपविण्यात आले.

या अटींपैकी पहिली अट किती धाडसाची होती हे समजण्यास त्या काळचा इंग्रजी रिवाज ध्यानात घेतला पाहिजे. रंगभूमीवरील नाटकांचे नियंत्रण लॉर्ड चेंबरलेन या दरबारी अधिकाऱ्याकडे असे. हा अधिकार 1968 मध्ये नाहीसा झाला. येशूचे सोंग सार्वजनिक रंगमंचावर आणण्यास त्याची परवानगी मिळत नसे. नभोवाणीच्या बंद खोलीत प्रेक्षक नसतात, म्हणून तेथे हा निर्बंध लागू पडत नव्हता. पण लोकांच्या भावनेला कायद्याची पळवाट कशी पटणार?

वादळ उठले ते 10 डिसेंबर 1941 च्या वृत्तपत्रपरिषदेत. सेयर्स यांनी पत्रकारांना नाट्यमालेचा हेतू सांगितला आणि काही संवाद वाचून दाखविले. त्यांत जकातदार मत्तय भोळ्या फिलिपाला, बाजारात ठकविला गेल्याबद्दल, लंडनच्या गल्लीबोळातील बोलीत फैलावर घेतो, असा प्रसंग होता. दुसऱ्या दिवशी एका मोठ्या दैनिकाने मथळा दिला की, येशूचे चरित्र अमेरिकन गावठी बोलीत येणार! रविवारचे पावित्र्य राखण्यासाठी स्थापन झालेल्या ‘लॉर्ड्स डे ऑब्झर्व्हन्स सोसायटी’ने वृत्तपत्रांतून निषेधाच्या जाहिराती दिल्या, मुख्य प्रधानांकडे व कँटरबरीच्या आर्चबिशपांकडे अर्ज केले. पार्लमेंटातही प्रश्न विचारला गेला. हे सारे घडले तेव्हा नाट्यमालेतील एकही शब्द ध्वनिक्षेपित झाला नव्हता.

21 डिसेंबर 1941 रोजी पहिली श्रुतिका झाली. येशूची भूमिका रॉबर्ट स्पेट या कॅथलिक नटाने केली. पुढे दर चार आठवड्यांनी एक याप्रमाणे ऑक्टोबर 1942 पर्यंत बारा श्रुतिका झाल्या. विरोध एकदम थांबला नाही. फेब्रुवारीत सिंगापूर जपानच्या हाती पडले, तेव्हा हा या पाखंडाचाच कोप होय, आता ऑस्ट्रेलिया पडण्यापूर्वी तरी ही नाटके बंद करा, असे लिहिणारेही निघाले. परंतु निरनिराळ्या पंथांच्या धर्माधिकाऱ्यांच्या सल्लागार समितीने पाठिंबा दिला होता, आणि दर महिन्यास ऐकणाऱ्यांचा सूर बदलत चालला होता. विरोधकांनी फुकट जाहिरात केली म्हणून सेयर्स यांनी पुढे ग्रंथरूपाच्या प्रस्तावनेत त्यांचे आभार मानले. जाहिरातीच्या धंद्यात उमेदीची वर्षे घालविलेल्या बाईला हे गणित चांगलेच ठाऊक होते.

श्रोत्यांना या श्रुतिकांत एवढे काय सापडले? रंगीत काचेवरील चित्राप्रमाणे निश्चल झालेली माणसे त्यांना प्रथमच चालताबोलताना ऐकू आली. रोमन सुभेदार, धूर्त धर्माधिकारी, करवसुलीवाले कारकून, घाबरलेले शिष्य ही सारी त्यांच्या आसपासची माणसे होती. आणि येथेच एक गोष्ट ध्यानात येते. सेयर्स यांनी रहस्यकथा सोडली होती, पण रहस्यकथेची शिस्त सोडली नव्हती. शुभवर्तमाने त्यांनी मूळ ग्रीक भाषेत तपासली. चार साक्षीदारांच्या जबान्या लावून पाहाव्यात तशी ती एकमेकांशी लावून पाहिली.

यहुदाचे उदाहरण पाहावे. परंपरेने त्याला तीस नाण्यांसाठी गुरूला विकणारा लोभी ठरविले आहे. सेयर्स यांना हे पटेना. हा मनुष्य असा क्षुद्र असता तर येशूने त्याला शिष्य म्हणून निवडलाच का असता? गुन्हा घडला आहे, गुन्हेगार ठाऊक आहे. मग हेतू कोणता? हा निव्वळ हेराचा प्रश्न आहे. त्यांचा यहुदा हा साऱ्या शिष्यांत बुद्धिमान आहे, गुरूच्या दुःखभोगाचा अर्थ त्यालाच प्रथम उमगतो. पण आपल्या बुद्धीचा त्याला अहंकार आहे. बरूख नावाचा एक बंडखोर पुढारी येशूला निरोप पाठवितो की, युद्ध करावयाचे असेल तर अमुक ठिकाणी घोडा सज्ज आहे, शांततेने जावयाचे असेल तर गाढवाचे शिंगरू आहे. येशू गाढवावर बसून यरुशलेमात येतो. यहुदा या खुणेचा अर्थ नेमका उलटा लावतो. गुरू बंडखोरांना मिळाला असे समजून तो विश्वासघात करतो. पुरावा सर्वांच्या डोळ्यांसमोर होता, वाचला मात्र चुकीचा. बरूख हे पात्र सेयर्स यांच्या कल्पनेतले आहे, त्यामुळे हा उलगडा इतिहास म्हणून स्वीकारण्याचे कारण नाही. पण विम्सीच्या वाचकाला ही रीत परकी वाटण्याचेही कारण नव्हते.

भाषेच्या वादाचा प्रश्न गोव्याकडील मराठी वाचकाला ओळखीचा वाटेल. सासष्टीतील रायतूर येथे 1616 मध्ये छापल्या गेलेल्या ‘क्रिस्तपुराणा’चा कर्ता फादर स्टीफन्स हाही इंग्रजच होता. त्याने येशूचे चरित्र सांगण्यासाठी लॅटिन वा पोर्तुगीज न घेता लोकांच्या ओठांवरील मराठी आणि लोकांच्या कानात बसलेली ओवी घेतली. सेयर्स यांना याची वार्ता असण्याचा संभव कमी. पण पवित्र कथा श्रोत्याच्या बोलीत उतरल्यावाचून त्याच्या अंतःकरणात उतरत नाही, हे दोघांनीही जाणले होते.

1943 मध्ये नाट्यमाला ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाली. विम्सीच्या कादंबऱ्या काढणाऱ्या गोलान्झ यांनीच ती काढली. त्याच वर्षी आर्चबिशप विल्यम टेंपल यांनी सेयर्स यांना ब्रह्मविद्येतील ‘डॉक्टर’ ही सन्माननीय पदवी देऊ केली. ती त्यांनी नम्रपणे नाकारली. पुढे त्या दान्ते या इटालियन महाकवीच्या महाकाव्याच्या भाषांतरात गढून गेल्या. पहिला खंड 1949 मध्ये आला, दुसरा 1955 मध्ये. तिसरा अपुरा असतानाच 17 डिसेंबर 1957 रोजी त्यांचे निधन झाले. बार्बरा रेनल्ड्स या विदुषीने तो पुरा करून 1962 मध्ये प्रसिद्ध केला.

आणि विम्सीचे वाचक? त्यांची बाजूही न्यायाने पाहिली पाहिजे. त्यांतील कित्येकांना दान्ते नको होता आणि धर्मनाट्यही नको होते. त्यांना आपला जुना मित्र हवा होता. प्रेमाने केलेली ही मागणी क्षुद्र म्हणता येणार नाही. 1942 मध्ये, श्रुतिकांचे काम चालू असतानाच, सेयर्स यांनी विम्सीच्या संसारावर एक छोटी कथा लिहिली होती. ती त्यांच्या हयातीत छापली गेली नाही. वाचकांच्या हाती पडली ती 1972 मध्ये. म्हणजे लेखिकेलाही त्या मित्राचा अगदीच विसर पडला नव्हता.

तेव्हा या तीन प्रसंगांचा निष्कर्ष कोणता? आवडत्या लेखकाकडून आवडते तेच मागण्याचा हक्क वाचकाला आहे; पण नवे ऐकण्यापूर्वीच ते नाकारण्याचा हक्क त्याला नाही. 1941 च्या डिसेंबरात ज्यांनी मथळा वाचून निषेधाची पत्रे लिहिली, त्यांनी एका परीने यहुदाचीच चूक केली. खूण पाहिली आणि अर्थ उलटा लावला. ज्यांनी नभोवाणीचा संच लावून धीराने अर्धापाऊण तास कान दिला, त्यांना मात्र एक उमज पडली. लेखिकेचा विषय बदलला होता, लेखणी तीच होती. एके काळी ती विचारीत असे की, हा खून कोणी केला. आता ती विचारीत होती की, या निरपराध पुरुषाला कोणी मारले. त्याचे उत्तर तिने श्रोत्यांना असे दिले की, तुमच्याआमच्यासारख्याच सामान्य, समजूतदार, कामात गढलेल्या माणसांनी.