झार्लीनोचे दोन पाठ

सोळाव्या शतकातील युरोपीय संगीतशास्त्राचा विचार करू लागले, की जोसेफ्फो झार्लीनो हे नाव टाळून पुढे जाता येत नाही. इ. स. १५१७ च्या सुमारास किओज्जा येथे जन्मलेला हा धर्मोपदेशक १५६५ पासून १५९० मध्ये मृत्यू येईपर्यंत व्हेनिसच्या सान मार्को देवालयाचा संगीतप्रमुख होता. त्याचा 'ले इस्तितुत्सिओनी आर्मोनिके' हा चार भागांचा इटालियन ग्रंथ १५५८ मध्ये व्हेनिसलाच छापला गेला. एक ते सहा या अंकांच्या परस्पर प्रमाणांतून मुख्य स्वरसंवाद निर्माण होतात, हे त्याचे प्रतिपादन. सप्तकाचे प्रमाण दोनास एक, षड्ज-पंचमाचे तिनास दोन, षड्ज-गांधाराचे पाचास चार. जुन्या पायथागोरीय गणितात हा गांधार विसंवादी ठरत असे. रचनाकार मात्र त्याचा सर्रास उपयोग करीत होते. झार्लीनोने व्यवहाराला शास्त्राचा आधार दिला.

परंतु ज्याला आपण 'झार्लीनोचा ग्रंथ' म्हणतो, तो एक नव्हे. आपल्या मूर्च्छनांशी काहीसे साम्य असलेले बारा 'मोड' त्याने मानले. सहा स्वर, आणि प्रत्येक स्वरावर दोन. १५५८ च्या ग्रंथात पहिला मोड आपल्या पेटीवाल्यांच्या भाषेत पांढरी दोनवर संपतो. पुढे १५७१ च्या दुसऱ्या एका ग्रंथात त्याने हा क्रम बदलला, आणि १५७३ च्या आवृत्तीत पहिला मोड पांढरी एकवर आणला. त्यामुळे सहाही स्वर सलग येतात, ही त्यातील सोय. पण मग पूर्वीचा पहिला तो आता तिसरा झाला, आणि पूर्वीचा अकरावा पहिल्या मानाला पोहोचला!

आता अडचण पाहा. ग्रंथाच्या तिसऱ्या भागाचे इंग्रजी भाषांतर १९६८ मध्ये आणि चौथ्याचे १९८३ मध्ये प्रसिद्ध झाले; दोन्ही १५५८ च्या पाठावरून. हे भाषांतर वाचणारा एक अभ्यासक आणि १५७३ ची प्रत पुढे ठेवणारा दुसरा, असे दोघे 'पहिल्या मोडा'विषयी वाद घालू लागले, तर दोघेही प्रामाणिक असून एकमेकांस खोटे ठरवतील. छापील संपादनात एक पाठ मुख्य मानून इतरांची बोळवण तळटिपांत करावी लागते. आणि तळटिपा फार थोडे वाचतात.

संगणकावरील संपादनाचे मोल येथे कळते. लॅटिन संगीतग्रंथ संगणकात साठविण्याचे कार्य अमेरिकेतील इंडियाना विद्यापीठात १९९० मध्ये सुरू झाले. इटालियन ग्रंथांसाठी तसाच उपक्रम नेदरलँड्समधील उट्रेख्ट विद्यापीठात हाती घेण्यात आला, आणि त्यात झार्लीनोलाही स्थान मिळाले. मजकुराला ठराविक खुणा घालून प्रकरण कोठे, व्याख्या कोणती, पाठभेद कोणता, हे यंत्राला कळविता येते. त्या खुणांची एक समान पद्धत ठरविण्याचा आंतरराष्ट्रीय उपक्रम १९८७ पासून चालू आहे. अशा संपादनात १५५८ आणि १५७३ हे दोन्ही पाठ शेजारी-शेजारी ठेवता येतात, आणि कोणालाही तळघरात जावे लागत नाही. स्वरलिपीतील उदाहरणेही सांकेतिक रूपात नोंदविली, तर ती केवळ पाहता येतात असे नव्हे, वाजवून ऐकताही येतात. संगीताच्या ग्रंथाला यापरते काय हवे?

तथापि यंत्रावर सारा भार टाकून चालावयाचे नाही. त्या काळी वर्णलेखन स्थिर नव्हते. पंचमाच्या अंतराला असलेला लॅटिन शब्द कोणी 'आय' या अक्षराने लिही, कोणी 'वाय'ने. एकच रूप शोधणाऱ्याला अर्धी स्थळे सापडतच नाहीत, आणि न सापडलेले म्हणजे नसलेलेच, असा त्याचा समज होतो. शिवाय 'पहिला' हा शब्द दोन्ही पाठांत तोच आहे; त्याखालचा स्वर बदलला आहे, हे केवळ शब्दशोधाने उमगत नाही. ते जाणून तशी खूण घालणारा संपादक लागतोच.

झार्लीनोचा शिष्य व्हिन्चेन्झो गालिलेई, म्हणजे प्रख्यात शास्त्रज्ञ गॅलिलिओचा पिता, याने १५८१ मध्ये गुरूच्या स्वरगणितावर कठोर टीका केली, आणि गुरूने १५८८ मध्ये ग्रंथ लिहूनच तिला उत्तर दिले. ज्या शास्त्रात गुरू स्वतःचा क्रम बदलतो आणि शिष्य गुरूशी वाद घालतो, त्याचा इतिहास एकाच अंतिम पाठात कसा मावेल? थोर ग्रंथकाराचा शेवटचा शब्द जितका जपावयाचा, तितकाच त्याचा आधीचा शब्दही; कारण तो विचार कोणत्या वाटेने चालत आला, हे त्या दोहोंमधील अंतरच सांगते.