पायपर जे-३ कब
पायपर जे-३ कब हे अमेरिकेत तयार झालेले दोन आसनी, एका इंजिनाचे हलके विमान आहे. १९३८ ते १९४७ या काळात अमेरिकेत अशी १९,८८८ विमाने बांधली गेली.

== उत्पादन ==
या विमानाचे मूळ टेलर ई-२ कब या विमानात आहे. महामंदीत टेलर कंपनी दिवाळखोरीत निघाल्यावर विल्यम पायपर यांनी तिची मालमत्ता अवघ्या ७६१ डॉलरना विकत घेतली. मार्च १९३७ मध्ये ब्रॅडफर्ड येथील कारखाना आगीत जळाला. त्यानंतर कंपनीने पेनसिल्व्हेनियातीलच लॉक हेवन येथील जुन्या रेशीम गिरणीत उत्पादन सुरू केले.

जे-३ चे इंजिन सुरुवातीस ४० अश्वशक्तीचे होते; १९४० पर्यंत ते ६५ अश्वशक्तीचे झाले. धातूच्या नळ्यांच्या सांगाड्यावर कापड ताणलेली साधी रचना आणि कमी किंमत यांमुळे नागरी वैमानिक प्रशिक्षणात ते मोठ्या प्रमाणावर वापरले गेले. दुसऱ्या महायुद्धात एल-४ या लष्करी आवृत्तीने टेहळणी व तोफखान्याच्या माऱ्याचे दिग्दर्शन केले.

युद्धोत्तर काळात खाजगी विमानांची मागणी अपेक्षेप्रमाणे टिकली नाही आणि १९४७ मध्ये उत्पादन थांबले. याच रचनेतून पुढे सुपर कब विकसित झाले.