शॉडी व मंगो

लोकरीच्या जुन्या कपड्यांच्या चिंध्या यंत्राने पिंजून मिळवलेल्या तंतूंची व्यापारी नावे. स्वेटर, पायमोजे यांसारख्या सैल विणीच्या कपड्यांपासून मिळणाऱ्या तंतूंना शॉडी, तर दाट व आटवलेल्या कापडापासून आणि शिंप्यांकडील कातरणांपासून मिळणाऱ्या अधिक आखूड तंतूंना मंगो म्हणतात.

नेपोलियनबरोबरच्या युद्धांच्या काळात इंग्लंडमध्ये लोकर दुर्मिळ व महाग झाली होती. यॉर्कशरमधील बॅटली येथील बेंजामिन लॉ यांनी १८१३ मध्ये चिंध्यांच्या तंतूंत ताजी लोकर मिसळून सूत कातण्याची रीत बसविली. मंगोचे उत्पादन १८३० नंतरच्या दशकात सुरू झाले. बॅटली व ड्यूझबरी ही या धंद्याची केंद्रे बनली व तेथे परदेशांतूनही चिंध्या येऊ लागल्या. सॅम्युएल जब यांनी या व्यापाराचा इतिहास १८६० मध्ये प्रसिद्ध केला.

चिंध्या प्रथम रंग व प्रत यांनुसार निवडतात. बटणे व शिवणी काढून टाकतात. नंतर दातेरी, वेगाने फिरणाऱ्या नळकांड्यावर त्या पिंजल्या जातात. मिश्र कापडातील सुती भाग अम्लाच्या प्रक्रियेने जाळून वेगळा करतात. पिंजणयंत्रास ‘सैतान’ असे नाव पडले होते. त्यातून उडणाऱ्या धुळीने कामगारांना होणारा विकार ‘शॉडी ज्वर’ म्हणून ओळखला जाई.

पिंजताना तंतू तुटून आखूड होतात, हा या लोकरीचा मूळ दोष होय. ताज्या लोकरीचे प्रमाण पुरेसे असल्यास कापड उबदार व स्वस्त होते. ते फार कमी केल्यास कापड लवकर विरते. अमेरिकेतील यादवी युद्धात (१८६१–६५) उत्तरेच्या सैन्याला पुरविलेले अशा कापडाचे काही गणवेश अल्पावधीतच फाटले आणि इंग्रजीत ‘शॉडी’ हा शब्द निकृष्ट मालाचा वाचक ठरला. वस्तुतः दोष जुन्या लोकरीपेक्षा मिश्रण लपवून माल विकण्याचा होता. अमेरिकेच्या १९३९ च्या कायद्याने लोकरी मालावर ताजी, पुनःसंस्कारित व पुनर्वापरित लोकर यांचे प्रमाण छापणे बंधनकारक केले. १९८० च्या दुरुस्तीने शेवटच्या दोन संज्ञांऐवजी ‘पुनश्चक्रित लोकर’ ही एकच संज्ञा आली.

इटलीतील प्रातो येथे एकोणिसाव्या शतकापासून हा व्यवसाय चालतो. चिंध्यांची रंगवार काटेकोर निवड केल्याने तेथे पुष्कळदा पुन्हा रंगविण्याची गरज उरत नाही. भारतात हरयाणातील पानिपत हे मुख्य केंद्र आहे. फाळणीनंतर तेथे आलेल्या निर्वासित विणकरांमुळे त्या गावचा वस्त्रव्यवसाय वाढला. परदेशांतून आयात केलेले जुने लोकरी कपडे पुन्हा पेहरावासाठी विकले जाऊ नयेत म्हणून ते फाडलेले असावेत, असा दंडक आहे. त्यांपासून विणलेली स्वस्त घोंगडी आपद्ग्रस्तांना वाटण्यासाठी वापरतात. अलीकडे पॉलिएस्टरच्या घोंगड्यांनी या मालाशी स्पर्धा सुरू केली आहे.

यूरोपीय संघाच्या सदस्य राष्ट्रांत १ जानेवारी २०२५ पासून टाकाऊ वस्त्रे वेगळी गोळा करणे बंधनकारक आहे. तथापि कृत्रिम तंतूंच्या मिश्रणामुळे त्यांची निवड अवघड झाली असून, चिंधीतील तंतू अचूक ओळखण्यावरच या धंद्याचे यश पूर्वीप्रमाणे अवलंबून आहे.